गच्चीवरचा समुद्र

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एका मित्राला ठसका लागला आणि नवा शर्ट गेला. शर्ट माझा होता.

तर, मी बोरिवलीतल्या एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे कामाला आहे. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून माझं आयुष्य गच्च्यांवरच गेलं. खांद्यावर वायरचं वेटोळं, या बिल्डिंगच्या टाकीवरून त्या बिल्डिंगच्या टाकीवर. ऊन, कबुतरं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी. वर गेलं की मला स्वप्नं पडतात. झोपेत नाही, उभ्या उभ्या. लांब खाडी चमकत असते, वारा असतो, आणि खालून कुणीतरी ओरडत असतं, "अरे वायर सोड ना, झोपलास काय?"

मला मात्र ऑफिसातल्या एसीच्या खोलीत बसून राउटर सेट करायचे होते. बघून बघून शिकलोही होतो. बोलायला लाजतो, त्यामुळे विचारून फार शिकलो नाही, ते पुढे कळेलच. शेवटी आमचे दिलीपशेठ एकदाचे म्हणाले, "शोभाकाकूंचं काम तू एकट्याने कर. नीट झालं तर तुझी गच्ची बंद, तू आत. चुकलास तर परत वायर खांद्यावर."

शोभाकाकूंचा वाळवणाचा धंदा आहे. कुरडया, पापड, शेवया. माल वाळतो बोरिवलीच्या एका गच्चीवर आणि दुकान मुलुंडला. मध्ये अख्खा डोंगर, जंगल आणि त्यातले बिबटे. काकूंना दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर गच्ची दिसायला हवी होती, जशी काही ती बाजूच्याच खोलीत आहे. गिऱ्हाइकांनी बघावं की माल किती स्वच्छ जागी वाळतो.

यासाठी गिऱ्हाइकाचं घरचं नेटवर्क आमच्या मोठ्या नेटवर्कमधून लांबवायचं असतं. त्याला आमच्यात व्हीलॅन म्हणतात. घाबरू नका, पाकिटासारखं आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नेटवर्कला आतला एक नंबर असतो. बसवणारे आळशी, जो तो दहा नंबर टाकतो. (बसवणारा मीच. ते असो.) मग या दहाची त्या दहाशी गल्लत होऊ नये म्हणून आम्ही प्रत्येकाचा माल वरून आमच्या वेगळ्या पाकिटात घालतो आणि पाकिटावर आमचा नंबर टाकतो. वाटेतले राउटर फक्त पाकीट बघतात. पलीकडे पाकीट उघडलं की आतला माल जसाच्या तसा. पथ्य एकच: दोन गिऱ्हाइकांना एका नंबरचं पाकीट द्यायचं नाही.

आता सांगा, मी काय केलं असेन?

माझा दोष नाही हो. नंबर टाकताना माझ्या मनात आलं, आत्ता ही कुरडई काचेच्या वायरीतून प्रकाश होऊन निघेल, डोंगराला वळसा घालून, झोपलेल्या बिबट्यांच्या बाजूने, मुलुंडला जाऊन पुन्हा कुरडई होईल! किती छान ना? या छान वाटण्यात बोटांनी आदल्या आठवड्यातल्या कामाचाच नंबर टाकला.

आणि आदल्या आठवड्यातलं काम कुणाचं? गोराईच्या फिलोमिना मावशींचं! त्यांचं सुकी मासळी वाळवायचं आवार गोराईला समुद्राकाठी, आणि गाळा बोरिवलीच्या मासळी बाजारात. त्यांनाही गाळ्यातल्या टीव्हीवर आवार बघायचं होतं. कॅमेरे दोन्हीकडे एकाच बनावटीचे, त्यांचा नेटवर्कवरचा पत्ता आणि पासवर्ड कारखान्यातून आला तसाच. आता दोघींचं नेटवर्क एक झालं. टीव्ही विचारणार, "कॅमेरा कुठाय?" आणि दोन्हीकडून ओ येणार. जो आधी ओ देईल त्याचं चित्र.

मी मुलुंडला दुकानात टीव्ही लावला. चित्र आलं. थोडं फडफडत होतं, पण आलं! ऊन पडलंय, मोठ्या चटया अंथरल्यात आणि त्यांवर गुलाबीसर, बारीक बारीक काहीतरी पसरलंय.

"शेवया!" मी म्हणालो. "काकू, बघा, काय सुंदर शेवया वाळतायत!"

काकूंनी चष्मा वर केला. "शेवया? आज तर मी कुरडया घालायला सांगितल्या होत्या. आणि अशा विसकटून कुणी घातल्या?"

चित्रात कोपऱ्यात एक माड हलत होता. मला वाटलं, शेजारच्या बिल्डिंगचा असेल. मागे निळं निळं चमकत होतं. मला वाटलं, ताडपत्री. त्या ताडपत्रीवरून एक होडीसारखं काहीतरी हळूच सरकत गेलं. मला वाटलं... खरं सांगू? मला काहीच वाटलं नाही. मी नुसता बघत राहिलो. इतकं शांत चित्र मी टीव्हीवर कधी पाहिलं नव्हतं. दुकानातली चार-पाच गिऱ्हाइकंही हातातली पिशवी हातातच ठेवून बघत उभी राहिली.

तेवढ्यात चित्रात मांजर आलं. चटईवर बसलं आणि खाऊ लागलं.

"अगं बाई!" काकूंनी फोन उचलला. गच्चीवर त्यांच्याकडे कामाला लताताई आहेत. "लता! मांजर! मांजर शेवया खातंय!"

काकूंचा फोन कायम स्पीकरवर असतो. लताताईंचा आवाज आला, "कुठल्या शेवया, काकू? कुरडया घातल्यात ना."

"मला शिकवू नको, मला टीव्हीवर दिसतंय! डावीकडे बघ, डावीकडे!"

"डावीकडे पाण्याची टाकी आहे."

"टाकीच्या अलीकडे! आता मिशा चाटतंय मेलं! हाकल ना गं!"

"शुक! शुक!" लताताई बिचाऱ्या रिकाम्या गच्चीवर काठी आपटत धावत होत्या. "गेलं का, काकू?"

"नाही गं, आडवं झालंय! तू आहेस कुठे? मला तू दिसत का नाहीस?"

"मी मांजराच्या शेजारीच असेन," लताताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "पण मला मांजर दिसत नाही."

गिऱ्हाइकांत एक मालवणी काका होते. इतका वेळ ते टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे होते. त्यांनी मागे वळून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शेवयो खंयच्यो, मेल्या? ह्यो सुको जवळो मा!"

 जवळा! बारीक सुकी कोळंबी! ज्या दुकानात काकू कांदा-लसूणसुद्धा येऊ देत नाहीत, त्या दुकानात, भिंतभर टीव्हीवर, आणि टीव्हीखाली मीच चिकटवलेली पाटी: "आमचा माल इथे वाळतो."

"एक नंबर जवळो," काकांनी काकूंना प्रेमाने विचारलं. "किलो कसो?"

काकू माझ्याकडे वळल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "बाळा, माझ्या गच्चीवर समुद्र कसा आला रे?"

तेवढ्यात दिलीपशेठचा फोन. "अरे, फिलोमिना मावशी ऑफिसात येऊन बसल्यात! त्यांच्या टीव्हीवर म्हणे पांढऱ्या जाळ्याचे गोल गोल तुकडे दिसतायत. कुणीतरी त्यांचं जाळं कापलं म्हणून माझ्याशी भांडतायत!"

मागून मावशींचा आवाज येत होता. "नवं जालं होतं रं माजं! कापून कापून वालत घातलंय, आनि गाल्यावरून आत्ता फोन आला, वर एक बाई काठी घेऊन नाचते!"

मला सगळं लख्ख समजलं. जाळ्याचे तुकडे म्हणजे कुरडया. नाचणारी बाई म्हणजे लताताई. आणि पाकीट... अरे देवा, पाकीट!

"शेठ, नंबर एकच पडला. आत्ता बदलतो," मी म्हणालो.

"बदल. संध्याकाळपर्यंत दोघी खूश झाल्या तर तू आत. नाहीतर तुझं तू बघ."

म्हणजे आशा होती! मी लॅपटॉप उघडला, पण काकूंनी तो बंद केला. "आता मी चित्रावर विश्वास ठेवणार नाही. तू माझ्या गच्चीवर जा. कॅमेऱ्यासमोर उभा राहा. तू दिसलास तरच ती माझी गच्ची."

बाइक काढली आणि डोंगराला वळसा घालून निघालो. सबंध वाटेत मनात हेच: हा मी कुरडईच्या वाटेने उलटा चाललोय. डावीकडे टेकड्या उन्हात पेंगत होत्या. दोन सिग्नल हिरवे होऊन परत लाल झाले तरी मी उभाच. मागचा रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, इथेच घर घेणार काय?"

गच्चीवर पोचलो. लताताई काठी घेऊन टाकीच्या सावलीत बसल्या होत्या, त्या अजून मांजराचीच वाट बघत होत्या. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. काकूंना नवीन पाकीट द्यायचं, बस. मुलुंडच्या टोकाला नवा नंबर टाकला. मग बोरिवलीचा डबा, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन जोडल्या जातात तो, लॅपटॉपवर उघडला. त्यात दोन भोकं शेजारीशेजारी: एक या गच्चीचं, दुसरं गोराईहून येणाऱ्या वायरचं. वारा सुटला होता. ओल्या कुरडयांचा आंबूस, गोडसर वास येत होता. लांब खाडीपलीकडे गोराईची झाडं दिसत होती. मी एका भोकाला नवा नंबर टाकला आणि लॅपटॉप मिटला.

झालं! आता फक्त उभं राहायचं. मला माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की घाम फुटतो, पण इथे होतंच कोण? एक कॅमेरा. मी शर्ट नीट केला, केस बसवले आणि काकूंना फोन लावला.

"काकू, दिसतोय का?"

"नाही रे."

"हात वर केलाय. आता?"

"नाही. पण चित्र छान आलंय हां. मघाशी फडफडत होतं, आता एकदम स्थिर आहे."

"मग दिसेनच! आता दोन्ही हात हलवतोय. उड्या मारतोय, काकू!" मी खरंच मारत होतो. लताताई काठी घेऊन लांब सरकल्या.

"बाळा," काकू म्हणाल्या, "तू नाहीस. समुद्र आहे. फारच स्वच्छ दिसतोय."

मागून मालवणी काकांचा आवाज आला. "तेका इचारा, जवळो खंयसून घेतलो ता!"

तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. फिलोमिना मावशी. त्या आपल्या गाळ्यावर पोचल्या होत्या.

"काय रं पोरा, तू माज्या टीव्हीवर नाचतोस कशाला? सगला बाजार जमलाय बगायला! आनि आधी पाय काढ, माज्या जाल्यावर उभा हायस!"

मी खाली बघितलं. दोन कुरडया बुटाखाली होत्या. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. नवा नंबर मी गच्चीच्या भोकाला न टाकता शेजारच्या, गोराईच्या भोकाला टाकला होता. म्हणजे आधी दोघींचं नेटवर्क नुसतं मिसळलं होतं. आता मी ते व्यवस्थित वेगळं करून दिलं होतं, समुद्र कायमचा मुलुंडला आणि गच्ची कायमची मासळी बाजारात. काम एकदम पक्कं. फक्त उलटं.

आणि मी, जो दुकानदाराला सुटे मागतानाही लाजतो, तो भर मासळी बाजारात उड्या मारत होतो. फोनमधून शिट्ट्या ऐकू येत होत्या. कुणीतरी म्हणालं, "ए हीरो, परत एकदा!"

तिसरा फोन शेठचा. त्यांना दोन्हीकडून खबर पोचली होती.  मी खाडीकडे बघत उभा राहिलो. ऊन उतरत होतं आणि पाणी सोन्यासारखं झालं होतं. काय सांगू, इतकी वाट लागलेली असतानाही ते छानच दिसत होतं.

"ऐकतोयस ना?" शेठ म्हणाले. "आत बसायचं विसर. उद्यापासून तू परत गच्चीवर."

"शेठ," मी म्हणालो, "मी आत्ताही गच्चीवरच आहे."

"मग उतरूच नकोस!"