मुखपृष्ठाचा कोपरा

भिजलेल्या रद्दीचा आंबूस वास आला की मला जयपूरजवळच्या सांगानेरचा तो हातकागदाचा कारखाना आठवतो. चित्रकारांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांची जुनी मासिकं जमवायचा मला नाद होता, आणि तसाच जयपुरातच स्थायिक झालेल्या एका निवृत्त मराठी विमा अधिकाऱ्यांनाही. त्यांना मी काका म्हणायचो. रद्दी आम्ही जोडीनंच धुंडाळायचो. त्या दुपारी लगद्याच्या हौदाशेजारच्या ढिगात एका मराठी दिवाळी अंकावर आम्हा दोघांचा हात एकदमच पडला. मुखपृष्ठावर आरशात बघून कुंकू लावणारी बाई होती. "सोड, माझ्या वडिलांनी काढलंय ते!" काका ओरडले. मला वाटलं, थापा मारताहेत. मी त्यांचं मनगट पिरगाळलं, तरी ते सोडेनात, तेव्हा छातीवर जोरात धक्का दिला. ते कागद कापायच्या यंत्राच्या लोखंडी कडेवर आदळले आणि त्यांचं कपाळ फुटलं. "मार डालोगे क्या, भैया?" म्हणत एका कामगारानं मला मागे ओढलं. तेव्हा कुठे मी चित्राचा कोपरा पाहिला. तिथल्या सहीत काकांचंच आडनाव होतं. मी अंक पुढे केला. रक्त डोळ्यांत उतरत असतानाही त्यांनी आधी सदऱ्याला हात पुसले, मगच तो घेतला. आजही ते मला चहाला बोलावतात, आणि मी त्यांच्या कपाळाकडे न बघता बोलत राहतो.