उतारावरची द्राक्षं

परदेशात, बिशान नावाच्या भागात अकराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि त्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि बाळ, दोघंच. बाळ पाच महिन्यांचं, मी वीस वर्षांची. दारावरची बेल वाजली की मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची, माणूस निघून जाईपर्यंत श्वास पण मोठ्यानं घ्यायची नाही. आपलं माणूस नसणार हे माहीतच होतं, मग उघडायचं कशाला.

हे एका मोठ्या हॉटेलात जेवणाच्या विभागात होते. सकाळी जायचे, दुपारच्या सुट्टीत साडेतीनला घरी यायचे, पाचला परत, ते रात्री आम्ही झोपल्यावर यायचे. म्हणजे दिवसातून दीड तास मराठी कानावर पडायचं, आणि त्यातला अर्धा तास हे झोपायचे.

मग हॉटेलनं ठरवलं की वाइनच्या तोंडी परीक्षेत जो पास होईल त्यालाच ठेवायचं. यांचं कॉन्ट्रॅक्ट संपायला आलेलं. नापास झाले तर परमिट गेलं, परमिट गेलं की आम्ही गावी. मी तोंडानं म्हटलं, देवा, होऊ दे पास. पण खरं सांगते, रोज भांडी घासताना मनात दुसरंच यायचं. नापास झाले तर ऑक्टोबरच्या द्राक्षछाटणीला मी माहेरी असेन, आई असेल, बाळाला घ्यायला दहा हात असतील.

परीक्षा फ्रान्समधल्या बर्गंडी नावाच्या भागाची होती. पुस्तक इंग्रजी, त्यातली नावं फ्रेंच, आणि मी आठवी शिकलेली. म्हणून यांनी वहीत सगळं देवनागरीत लिहून दिलं. मी विचारायचं, यांनी उत्तर द्यायचं.

"लाल वाइन कुठल्या द्राक्षाची?"

"पिनो न्वार."

"पांढरी?"

"शार्दोने."

"वावराचे दर्जे किती?"

"वावर काय गं! व्हिनयार्ड म्हण."

"वेल लावलेत ना तिथं? मग वावरच."

"बरं बाई, वावर. सगळ्यात खाली साधी बर्गंडी, मग गावाच्या नावाची, मग प्रीमिए क्रू, आणि सगळ्यात वर ग्रां क्रू."

पाठ होतं सगळं. पुण्याचे हे, पाठांतर जबरदस्त. पण हॉटेलातला फ्रेंच साहेब सराव घेताना नकाशा पुढे टाकून विचारायचा, ही दोन वावरं शेजारी शेजारी, द्राक्ष एकच, मग हे ग्रां क्रू आणि ते नुसतं गावाचं, असं का? तिथं यांची गाडी अडायची.

मी निफाडकडची, द्राक्षाच्या बागेत वाढलेली. मी म्हटलं, "ज्याचा मणी मोठा ते वरच्या दर्जाचं, त्यात काय!" आमच्याकडे व्यापारी मण्याचा आकार बघूनच बोलतो, आम्ही घड औषधात बुडवून मणी फुगवायचो. यांनी तेच जाऊन सांगितलं आणि सगळ्यांसमोर हसं झालं. घरी आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले. "अगं, तिकडे बारीक मणी लागतो. बारीक, दाट रसाचा. तुला माहीत नाही तर सांगतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर मी पुस्तकातला नकाशा उघडला. लांबट पट्टी, एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला सपाटीचा रस्ता. सगळ्यात गडद रंग, म्हणजे ग्रां क्रू, टेकडीच्या उतारावर मधोमध. आणि एकदम मला आमची बाग दिसली. ओढ्याजवळ काळी जमीन, तिथले घड टपोरे, पण पाणचट. वर मुरमाड तुकडा, तिथले मणी बारीक म्हणून व्यापारी नाक मुरडायचा, आणि आम्ही पोरं मात्र खायला वरच पळायचो. अहो, हेच की!

कळलं, आणि मी गप्प बसले. तीन दिवस. हे नावं घोकत होते आणि मी समोर बसून प्रश्न विचारत होते, आणि उत्तर माझ्या तोंडात होतं.

चौथ्या दिवशी यांनी वही मिटली. जेवले पण नाहीत. म्हणाले, "तिथं कुणाला विचारायची सोय नाही गं. एकटाच आहे मी." मला वाटायचं, एकटी मीच.

मी उठले, ताट आणलं, उशीला टेकवून तिरकं ठेवलं आणि वरून पाणी ओतलं.

"अगं, गादी भिजेल!"

"भिजू दे. बघा, पाणी कुठं गेलं? खाली. खाली वेलाच्या मुळाशी पाणी, मणी फुगणार, चव जाणार. पार वरती माती धुपलेली, वारा गार, तिथं पिकायला उशीर. मध्ये तुमच्या वहीतल्या त्या चुनखडीचा निचरा आणि पूर्वेचं ऊन. मणी बारीक, रस थोडा, पण त्यात सगळं."

यांनी ताट हातात घेऊन स्वतः तिरकं धरून बघितलं. मग म्हणाले, "आणि एकाच भिंतीच्या आतल्या वावराला दहा मालक, प्रत्येकाची वाइन वेगळी, असं का?"

"वाटण्या झाल्या असतील. माझ्या चुलत्याचं आणि आमचं वावर एकाच बांधाचं, तरी द्राक्ष सारखं येतं का? ज्याचा त्याचा हात."

परीक्षेच्या दिवशी हे आले ते लिफ्टपासूनच हाका मारत. "तेच विचारलं गं त्यानं! मी सरळ प्लेट उचलली, तिरकी धरली. साहेब म्हणाला, कुठं शिकलास?"

"मग?"

"सांगितलं, सासऱ्यांची द्राक्षबाग आहे." आणि माझ्याकडे न बघता, "दोन वर्षांचं परमिट होणार."

मी "बरं झालं" म्हटलं. चहा ठेवला. चहा पिऊन हे झोपले, खूप दिवसांनी गाढ.

मी बाळाला घेऊन खिडकीशी उभी राहिले. दोन वर्षांत बाळ चालायला लागणार, बोलायला लागणार. बोलणार ते कुणाचं ऐकून? माझंच. ते झोपेला आलं होतं, तरी मी त्याला उठवून बसवलं आणि खालचं एकेक दाखवत बोलत सुटले, बस, झाड, माणूस, छत्री. पाच वाजता हे गेले, तरी मी बोलतच होते.