जास्तीचे दोन कान

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. राहायला आळे गावात, नोकरी ओतूरच्या पुढे एका शाळेत, विषय गणित. अभ्यासक्रम पदव्युत्तर, दोन वर्षांचा, सगळा ऑनलाइन. स्वमग्न मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीचा. पहाटे नेट बरं चालतं म्हणून साडेपाचला उठून व्याख्यानं बघायचो. बायको चहा ठेवता ठेवता म्हणायची, "पोरीची पदवी झाली, आता बापाची. नापास झालात तर प्रगतिपुस्तकावर सही कोणाची आणणार? माझी मिळायची नाही."

हे सगळं मी पाचवीतल्या एका मुलीमुळे अंगावर घेतलं होतं. ती फार बोलत नसे आणि कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नसे. बघायची ती कानांकडे. वर्गात पहिल्या दिवशी तिने सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "अठ्ठावन्न." हजेरी घेतली तेव्हा मला उलगडा झाला. तिला सोडून अठ्ठावीस मुलं आणि मी. त्यानंतर कित्येकदा मी तिचा आकडा हजेरीशी ताडून पाहिला. तो चुकल्याचं मला आठवत नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

अभ्यासक्रमात एका मुलाचा सविस्तर अभ्यास करायचा होता. अठरा बैठका, प्रत्येकी दहा मिनिटं, तीच जागा, तीच वेळ. मुलाच्या ओळखीच्या ठिकाणी, म्हणून मी तिचं घर निवडलं. घर रानात, वस्तीवर. दोन खोल्या, पुढे अंगण, कडेला गोठा, आणि अंगणाच्या पलीकडे म्हशीसाठी लावलेलं हत्तीगवत, माणसापेक्षा उंच. आजूबाजूचा ऊस तुटून गेला होता. उभं हिरवं राहिलेलं ते एवढंच.

मुलीचे वडील भाजीची पिकअप घेऊन बहुतेक वेळ बाजारांच्या वाटेवर. आईला कांदा काढणीला जायचं होतं, पण पोरीला एकटी ठेवायची कशी, हा तिचा प्रश्न होता.

"सर, तिनं फोनवर जित्राबं मोजून सांगितली तरी बास," ती म्हणाली. "तिच्या सांगन्यावर भरवसा ठेवता आला, की मी निर्धास्त जाईन. न्हाईतर घरात बसून ऱ्हायचं."

म्हणून मी प्रश्न ठरवला तो तिच्या आवडीचा: जित्राबांचे कान किती? चार बकऱ्या, एक म्हैस, एक कुत्रा. सहा जित्राबं, बारा कान.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही अंगणात चटईवर बसायचो. ती माझ्यासमोर, माझी पाठ गवताकडे, जित्राबं बाजूला बांधलेली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "चौदा."

मी कागदावर "चूक" लिहिलं. आईने दारातून विचारलं, "चुकली का?"

"दोन जास्त सांगते."

"तुमचे धरत आसंल. मास्तरांचे कान कोन सोडतंय?"

ही शंका रास्त होती, म्हणून पुढच्या बैठकीला मी कानटोपी घालून गेलो. उत्तर चौदाच आलं. त्याच बैठकीत आईला आत बसायला सांगून पाहिलं, तरी चौदा. तिसऱ्या दिवशी मात्र बारा. पहिल्या सहा बैठकांत चार वेळा चौदा आणि दोन वेळा बारा. बरोबर उत्तरं सहात दोन.

त्यानंतरच्या सहा बैठकांत मी अभ्यासक्रमात शिकवलेली पद्धत वापरली. तिचा हात धरून एकेका कानाला लावायचा आणि मोठ्याने मोजायचं. बारा म्हटलं की तळहातावर चिक्कीचा तुकडा. चौदा म्हटलं की प्रतिसाद नाही; मनात दहा आकडे मोजेपर्यंत आपण तोंड फिरवून बसायचं. मी तोंड फिरवायचो ते घराकडे. चौदा म्हणताना तिची नजर माझ्या कानाच्या शेजारून मागे जायची. मी लिहिलं: नजर स्थिर नाही.

या सहांत तीन वेळा चौदा आलं. शेवटच्या सहा बैठकांत सहाही वेळा बारा. बारा म्हणायची आणि लगेच तळहात पुढे करायची. आलेख काढला. दोन, तीन, सहा. चढती रेघ. स्क्रीनवरच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "सर, इतका स्वच्छ आलेख क्वचित बघायला मिळतो." मला आनंद झाला होता, हेही लपवत नाही.

शुक्रवारी मी आईला सांगितलं, आता ती बरोबर मोजते. "मग सोमवारपासनं जाते कांद्याला," ती म्हणाली.

रविवारी सकाळी सातला तिचा फोन आला. "सर, कुत्रं गेलं."

मी पोचलो तेव्हा वनखात्याचा माणूस आधीच आला होता. गोठ्याच्या खांबाला साखळी होती, तुटलेला पट्टा होता, आणि तिथून गवतापर्यंत मातीत ओढल्याची रेघ होती. तो गवतात शिरला आणि थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. आत एका माणसाला कुशीवर झोपता येईल एवढी जागा दबलेली होती. देठं मोडून, सुकून, जमिनीला चिकटली होती. वर केस होते.

"हे काय कालचं न्हाई, पावणं," तो म्हणाला. "लई दिवसांची बैठक हाये. वाघ रोज येऊन बसत व्हता हितं."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

"दिसला कसा नाही कुणाला?"

"कसा दिसंल? त्याच्या वासानं कुत्रं बी गप ऱ्हातं, आन् बसला की नुसते कान वर ऱ्हात्यात."

मी तिथे उकिडवा बसून बाहेर पाहिलं. देठांच्या फटीतून आमची चटईची जागा दिसत होती. मुलगी बसायची ती जागा मागे होती. पुढे, अगदी समोर, माझी पाठ असायची. टेप मागवून मोजलं. एकतीस फूट.

बाहेर आलो तेव्हा मुलीची आई चुलीपाशी बसली होती. ती रागावली नव्हती. "ती सांगत व्हती वो, सर," एवढंच म्हणाली.

घरी येऊन अठराही कागद जमिनीवर मांडले. कागदावर शेवटचा रकाना असतो, परिसराचा. आवाज, अडथळे, काय असेल ते लिहायचं. तो मी नेमाने भरला होता. चौदा म्हटलेल्या सातही दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: शांत. कुत्रा भुंकला नाही. दोन ठिकाणी पुढे असंही होतं: बकऱ्या मोबाइलकडे टक लावून बघतात. मोबाइल माझ्या हातात होता, छातीशी. पहिल्या बारा बैठकांतल्या उरलेल्या पाच दिवशी, म्हणजे तिने बारा म्हटलं तेव्हा, लिहिलेलं होतं: कुत्रा सतत भुंकतो, अडथळा.

मग शेवटचे सहा कागद घेतले. सहाही दिवशी उत्तर बारा, सहाही बरोबर. त्यांतल्या चार दिवशी शेवटच्या रकान्यात होतं: शांत. कुत्रा भुंकला नाही.

सात आणि चार अकरा. अकरा बैठका, एकशेदहा मिनिटं. पहिल्या सात वेळा तिने सांगितलं. पुढच्या चार वेळा तिने बघितलं आणि मी शिकवलेलं उत्तर दिलं, आणि मी तिच्या हातावर चिक्की ठेवली. बायकोने भाकरी वाढून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा स्वतः आली, कागदांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

सोमवारी मी पुन्हा गेलो. आई कांद्याला गेली नव्हती. पिंजरा यायला दोन दिवस होते, पण दुपारी चौघांनी फटाके लावून गवत झोडपून काढलं होतं. रिकामं होतं, असं सांगितलं. मला मुलीला एवढंच कळवायचं होतं की चौदा म्हटलं तरी चालेल. ते कसं कळवतात हे कुठल्या व्याख्यानात आलं नव्हतं. चिक्की मी मुद्दाम आणली नाही.

मी चटई दाराजवळ टाकली. तिने ती उचलली आणि जुन्या जागी नेऊन पसरली. एका जागी झालेली गोष्ट तिथेच व्हावी लागते तिला. त्यात वाद नसतो. मी बसलो, पाठ गवताकडे. वारा नव्हता.

"कान किती?"

रोज पटकन सांगायची. त्या दिवशी वेळ घेतला. म्हणाली, "बारा."

चार बकऱ्या, एक म्हैस. कुत्रा नाही. पाच जित्राबं, दहा कान.

मी पुन्हा मोजलं. दहाच. आता हे बारा कुठलं? मी चिक्की देऊन घोटून घेतलेलं, की दहा आणि वर दोन? आकड्याकडे बघून ते सांगता येत नव्हतं. भुंकण्यावरून ताडून बघावं तर कुत्रा राहिला नव्हता. बकऱ्यांकडे पाहिलं. दोघी खाली मान घालून खात होत्या. दोघी माझ्याकडे बघत होत्या, किंवा माझ्या मागे.

मग माझ्या लक्षात आलं, तिचा तळहात पुढे आला नव्हता. दोन्ही हात मांडीखाली होते.

मी वळून पाहिलं नाही. सावकाश उठलो, तिला उठवलं, आणि तिचा हात धरून दारापर्यंत चालत गेलो. नऊ पावलं. आत आई पीठ मळत होती.

"बारा म्हणाली," मी म्हणालो.

तिने पिठाच्या बोटांवर हिशेब केला. मग उठली, गोठ्याच्या आतल्या दाराने गेली आणि एकेक करून चारही बकऱ्या घरात घेतल्या. म्हशीला आतल्या खुंटीला बांधलं आणि गोठ्याचं फाटक ओढलं. दाराला कडी घातल्यावर मी वनखात्याच्या माणसाला फोन केला. तो येईपर्यंत आम्ही तिघं आणि चार बकऱ्या त्या खोलीत उभे होतो. मुलगी दाराच्या फटीपाशी.

न राहवून मी म्हणालो, "पाठ झालेलं असेल ताई तिचं. मीच करून घेतलंय."

"आसंल की. मग बकऱ्या घटकाभर आधी आत आल्या. त्यात काय बिघडलं?"

त्या माणसाने गवताभोवती फेरी मारली. माती फटाकेवाल्यांनी तुडवलेली होती. "आला आसंल, नसंल बी," तो म्हणाला.

आई आता मुलीला कांद्याच्या रानात बरोबर नेते. संध्याकाळी घरी आल्यावर कुलूप उघडण्याआधी तिला अंगणाच्या तोंडाशी उभी करून विचारते, "किती गं?" आणि उत्तर येईपर्यंत पाऊल टाकत नाही.

मी मार्गदर्शक बाईंना सगळं कळवलं आणि आलेख मागे घेतला. त्यांनी बराच वेळ घेऊन उत्तर दिलं, की एकोणिसावी बैठकही जोडा आणि अहवाल नव्याने सादर करा. मी बसलो. तारीख भरली, प्रश्न भरला, उत्तराच्या जागी बारा लिहिलं. परिसर: शांत. पुढे शेजारी शेजारी दोन गोल आहेत, बरोबर आणि चूक. त्यांतला एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मुदत संपायला चार दिवस आहेत. मी अजून एकावरही बोट ठेवलेलं नाही.