मिस्त्री आणि मुकी पेटी

जुन्नरच्या आमच्या मिस्त्रींकडे गाडी नेली की मालकाने तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. आपण तक्रार सांगायला लागलो की ते हात वर करायचे. "तुमी गप बसा भाऊ, गाडीला बोलू द्या." मग लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टरसुद्धा "काय होतंय" एवढं तरी विचारतो.

नव्वदच्या सुमारास मी राजुरीहून पहिल्यांदा जीप घेऊन गेलो, तेव्हा मला हा माणूस ढोंगी वाटला होता. त्यांनी मिनिटभर ऐकलं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय म्हणाले. मी शहाणपणा करून गाडी दुसऱ्याला दाखवली. त्याने अर्धा दिवस खोलाखोल केली आणि तेच सांगितलं. त्यानंतर मी दुसरीकडे गेलो नाही.

कान एवढा पक्का असूनही मिस्त्री खात्रीशिवाय कोणाला नवा पार्ट घ्यायला लावत नसत. त्यांची रीत अदलाबदलीची. समोर चहाच्या टपरीवर कोणीतरी ड्रायव्हर बसलेला असायचाच. त्याच्या गाडीचा तोच पार्ट काढून आपल्या गाडीला लावायचा; चालली की दोष पक्का, मग ज्याचं त्याला परत. "चालत्या गाडीचा पार्ट खोटं बोलत न्हाई," असं म्हणायचे. त्यांना कधी कोणी नकार दिल्याचं मला आठवत नाही. आज माझा पार्ट तुला, उद्या तुझा मला, असं ते चालायचं.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मी शाळेच्या मुलांची ने-आण करायला नवी डिझेल व्हॅन घेतली. वर्षभरात ती भर रस्त्यात बंद पडू लागली आणि थोड्या वेळाने, जसं काही झालंच नाही, अशी सुरू होऊ लागली. एकदा ऐन वळणावर बंद पडली, तेव्हा आत मुलं होती. मिस्त्रींनी पेचकस लावला. चालू असेपर्यंत इंजिन ठणठणीत, आणि बंद पडल्यावर ऐकायचं काय? फिल्टर पाहिला, पंप पाहिला, वायर न् वायर तपासली. मिस्त्री गोंधळले, मी त्यांच्याहून गोंधळलो, आणि टपरीवरच्या मंडळींच्या सल्ल्यांनी आमची उरलीसुरली अक्कलही गेली.

चौथ्या दिवशी दुपारी तापलेली गाडी पुन्हा बंद पडली, तेव्हा मिस्त्रींनी इंजिनाजवळच्या एका बंद पेटीवर ओलं फडकं टाकलं. गाडीचा सगळा कारभार पाहणारा कॉम्प्युटर त्या पेटीत असतो, एवढंच आम्हाला ठाऊक. पेटी गार झाल्यावर गाडी सुरू झाली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. "दोष हितंच हाय," ते म्हणाले, पण आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता. पेटी महागाची. मला घ्यायला लावण्याआधी अदलाबदल करून पाहणं आलंच.

तशीच व्हॅन शिनोलीच्या तात्यांची होती. दुसऱ्या दिवशी मुलीच्या साखरपुड्याला त्यांना पाहुणे मंचरला न्यायचे होते, तरी मिस्त्रींनी मागितल्यावर त्यांनी चावी काढून दिली. त्यांची पेटी माझ्या गाडीत बसवली. गाडी सुरू होईना. माझी त्यांच्या गाडीत बसवली, तीही होईना. शेवटी जिची तिला लावली, तर तात्यांची चांगली चालती गाडीही मुकी झाली. समोर नुसता लाल दिवा लुकलुकत होता.

बॅटरी उतरली म्हणाले असते तरी कोणी शंका घेतली नसती. मिस्त्री हात पुसत सगळ्यांदेखत तात्यांपुढे उभे राहिले. "तुमची गाडी चांगली व्हती तात्या. ती मी बिघडवली." पाहुण्यांसाठी जीप मिस्त्रींनीच धावपळ करून मिळवून दिली.

पुण्याहून लॅपटॉपवाला इंजिनिअर आला. त्याने तात्यांच्या गाडीला एक वायर जोडली, दहा मिनिटं बटणं दाबली आणि गाडी सुरू झाली. या गाड्यांत पेटीची आणि चावीची ओळख जुळवलेली असते, दुसऱ्या गाडीत घातली की पेटी परकी होते, असं काहीसं त्याने सांगितलं. मला अजूनही ते नीट कळलेलं नाही. मिस्त्री लांबून पाहत होते. माझी व्हॅन मात्र ओढून पुण्याला न्यावी लागली. तिथे नवी पेटी बसवताना तोच इंजिनिअर म्हणाला, "पेटीच गेली होती. ओल्या फडक्याने शोधलं म्हणता? कमाल आहे. सांगा त्यांना."

मी सांगितलं नाही. इतके दिवस मुलांच्या आईबापांची बोलणी खाऊन मी वैतागलो होतो. मिस्त्रींचा रागही आला होता, का आला होता ते आज सांगता येत नाही. सांगू पुढच्या फेरीला, म्हणत राहिलो. तिकडे मिस्त्रींनी नव्या गाड्या घेणं बंद केलं. मग जुन्या जीपचं काम आलं तरी दुसऱ्याकडे नेऊन खात्री करून घ्या म्हणू लागले. गिऱ्हाईक तुटलं आणि गॅरेजही बंद झालं.

दोनेक वर्षांनी ते मला जुन्नरच्या एसटी स्टँडवर भेटले. व्हॅन तेव्हा माझा पुतण्या चालवायचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, त्या पेटीत दोष व्हता का वो?"

सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. माझी एसटीही लागली होती.

"काय की मिस्त्री," मी म्हणालो. "कॉम्प्युटरचं आपल्याला काय कळतंय."

"मंग माझंच चुकलं असंल," ते म्हणाले. गर्दी पाहून त्यांनी आपला रुमाल खिडकीतून आत टाकला आणि माझ्यासाठी जागा धरली.

रुमाल परत द्यायच्या निमित्ताने जाऊन सगळं सांगायचं मी ठरवलं होतं. त्याआधी त्यांच्या मयताला जावं लागलं. कब्रस्तानाबाहेर मी त्यांच्या मुलाला बाजूला घेतलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"हे अब्बांना सांगायला पायजे व्हतं," तो म्हणाला.