दरडीआधीचा फोटो

दरडीखाली गाव गाडलं गेलं, त्यानंतर आठवड्याने त्यातून वाचलेल्या माणसांचे फोटो मी काढत होतो. शाळेत आसऱ्याला आलेल्या पारूबाईंनी विचारलं, "दादा, आमच्या गावाचा आधीचा फोटो हाय का तुमच्याकडं? पाच वर्साची सुमी गेली माझी. तिचा एकबी फोटो ऱ्हायला न्हाई."

मागच्या वर्षी मी तिथला धबधबा टिपायला आलो होतो. गावाकडे तेव्हा बघितलंही नव्हतं. लॅपटॉपवर शोधलं, तर धबधब्याखाली कोपऱ्यात नखाएवढी घरं सापडली. एका अंगणात लाल ठिपका होता.

"हीच माझी सुमी! लाल झगा व्हता तिचा."

ते वाळत घातलेलं लुगडंही असेल. पारूबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती माझ्या कॅमेऱ्यात होती. माणसाचं सगळं गेल्यावरच आम्ही त्याच्या इतक्या जवळ जातो.

"जरा मोठा करा की."

मी केला. ठिपक्याचे नुसते लाल चौकोन झाले. त्यांनी पदराने लॅपटॉपची काच पुसली आणि म्हणाल्या, "आता दिसंल तोंड. अजून मोठा करा."