माळावरची पोपटी आणि सुलभावहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी टेम्पोत टोप चढवून घेत होते. पेणला माझा केटरिंगचा व्यवसाय आहे आणि त्या दिवशी एका साखरपुड्याचं जेवण होतं. "सरू, सुलभा गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी चहा झाला, वर्तमानपत्र उघडलं आणि वहिनी तशाच खुर्चीत कलंडल्या... मी सामानाची यादी स्वयंपाकाच्या बाईंच्या हातात दिली, वाढपाचं कोण बघणार ते ठरवलं आणि निघाले. माझ्यामुळे कुणाचं जेवण अडलेलं वहिनींना चाललं नसतं. त्याला आता दोन महिने होत आले.

वहिनी मूळच्या रोह्याच्या. वडील धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होते. शिफ्ट सुटली की माणसं बसची वाट बघत रस्त्याच्या कडेला उकिडवी बसायची, कारण कारखान्यांना जागा होती, रस्त्याला जागा होती, बसायला मात्र कुठेच नव्हती. हे चित्र वहिनींच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे त्या नगररचनेचं शिकल्या, मुंबईला नोकरीला लागल्या आणि वस्त्या कुठे वाढतील, रस्ते कुठून जातील, बागा-मैदानं कुठे असतील असे नकाशे आयुष्यभर करत राहिल्या. त्यांच्याबरोबर पेणहून रोह्याला जाणं म्हणजे एक परीक्षाच असे. प्रत्येक गाव आलं की विचारायच्या, "सरू, इथले लोक संध्याकाळी बसतात कुठे गं?" मला कधीच सांगता यायचं नाही. मग स्वतःच म्हणायच्या, "आम्ही आधी घरं आखतो, मग रस्ते, आणि उरलंसुरलं ते मैदान. आणि उरत काहीच नाही."

निवृत्त झाल्यावर दादा-वहिनी दोघं गावी राहायला आली. आमचं गाव धरमतरच्या खाडीकडे, खारजमिनीतलं. गावामागे एक सरकारी माळ आहे. सकाळी मुलं क्रिकेट खेळतात, उन्हात बायका मासळी सुकवतात, शिमग्याला होळी तिथेच, लग्नाचे मांडव तिथेच. आणि थंडीत पोपटी. मडक्याला आतून बांधावर उगवणाऱ्या भांबुर्ड्याचा पाला लावायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, खडेमीठ भरायचं, पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंडाशी पाला कोंबून मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. झालंय का बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन लगेच सुकलं तर झालं. हे पाणी शिंपडणं वहिनींनी स्वतःकडे घेतलं होतं. कान जवळ नेऊन ऐकायच्या आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, "अजून नाही." पोरं भुकेनं कावलेली असायची, पण वहिनी बधायच्या नाहीत.

मग महानगराची हद्द आमच्यापर्यंत आली. आराखड्याचा मसुदा लागला आणि त्यात आमचा माळ पिवळा होता. पिवळा म्हणजे घरं. वहिनींनी गाव गोळा केलं, हरकत कशी लिहायची ते समजावलं आणि स्वतःच सुचवलं, इथे उद्यान मागू. हिरवा रंग मिळाला की बिल्डर येत नाही, असा त्यांचा अनुभव. सगळ्यांनी सह्या-अंगठे दिले. सुनावणीत नगररचना कार्यालयाचे साहेब राजी झाले, आम्ही पेढे वाटले. आणि काही महिन्यांनी उद्यानाचं रेखाटन आलं... चारी बाजूंनी भिंत, लोखंडी गेट, फरसबंदी, हिरवळ, मधोमध कारंजं. खाली सूचना: वेळेबाहेर प्रवेश नाही, क्रिकेट खेळू नये, विस्तव पेटवू नये.

शेजारच्या जनाकाकूंच्या ओटीवर तो कागद पसरला होता. जनाकाकूंचा जन्म खाडीवर मासळी धरण्यात गेलेला, बोलणं खारं. त्यांनी नातीकडून सगळं वाचून घेतलं आणि वहिनींकडे बघून म्हणाल्या, "आगो सुलभा, प्यायला पाणी नाय, आन कारंजा कशाला गो? आन इस्तू पेटवायचा नाय, मंग पोपटी काय तुझ्या ग्यासवर लावायची?" सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. "काकू, चुकलं माझं. उद्यान मागायला नको होतं." "चुकला तर चुकला. आता सुधार," जनाकाकू म्हणाल्या. "बिल्डर परवडला गो, तो निदान मैतर हाय म्हनून येत नाय."

हे वाक्य वहिनींना लागलं. दादा सांगतो, त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत. घरं आली असती तर माळ दुसऱ्यानं घेतला असता, आता तो त्यांच्या हातून जाणार होता. आठवडाभरात त्यांनी सुनावणीवाल्या साहेबांना फोन केला, जागा बघायला या म्हणून. साहेब तरुण, पॉलिश केलेल्या बुटात आले. वहिनींनी त्यांना नकाशा दाखवलाच नाही. "आधी बांधावरून पाला आणू," म्हणाल्या. साहेब पाला घेऊन आले, बूट चिखलात. जनाकाकूंनी त्यांना पेंढ्याच्या भाऱ्यावर बसवलं. "सायेब, लग्न झालाय?" "झालंय." "मंग बायकोला आनायची होती. एकटा कुनी पोपटी खातंय?"

जाळ लागला, गाव भोवती बसलं, आणि कामाचं बोलणं तिथे झालं. साहेब खरोखरच गोंधळले होते. "मॅडम, सकाळी मैदान, दुपारी मासळी, रात्री मांडव. नकाशात एका तुकड्याला एकच रंग देतो आम्ही. याला रंगच नाही."

"मग कोरा सोडा," वहिनी म्हणाल्या.

"कोरा सोडला की कुणीतरी भरतं. ते तुम्हीच शिकवायचात ना आम्हाला, ट्रेनिंगमध्ये?"

मला वाटलं, बोलणं संपलं. तेवढ्यात वहिनी उठल्या, मडक्यावर पाणी शिंपडलं, ऐकलं. "अजून नाही," म्हणाल्या, आणि परत येऊन बसल्या. "मैदान म्हणून दाखवा. भिंत नाही, गेट नाही, पक्कं बांधकाम नाही, आणि वापर गावानं ठरवायचा. चार ओळींची टीप लागेल. ती मी लिहून देते." साहेब म्हणाले, वरती मान्य होईल असं नाही. वहिनी म्हणाल्या, ते मी बघते.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यात सांगण्यासारखं फार नाही. टीप लिहिली, परत आली, पुन्हा लिहिली. एस.टी. पकडून कार्यालयात जायच्या, साहेब भेटले नाहीत तर डबा खाऊन परत यायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "वहिनी, आता पुरे. तुमचं वय काय, उन्हातान्हात..." तर म्हणाल्या, "मी मागितलेली भिंत आहे सरू, मलाच काढायला हवी." शेवटच्या भेटीतही माझ्या गोडाऊनमध्ये टोपांच्या मागे ठेवलेलं पोपटीचं मडकं त्यांनी काढून बघितलं, काठाला गेलेला टवका बोटानं चाचपला आणि म्हणाल्या, "यंदाही चालेल."

गेल्या आठवड्यात जनाकाकूंचा फोन आला. "मडका घेऊन ये गो सरू, शेंगा आल्यान." मी न्यावं की नाही या विचारात होते, तर त्याच म्हणाल्या, "ती नाय म्हनून काय वाल थांबलाय?" दादाही आला. माळावर जाळ लागला आणि एक मोटरसायकल येऊन थांबली. साहेब होते, मागे बायको. दादाला नमस्कार करून ते पेंढ्याच्या भाऱ्यावर बसले. मग म्हणाले, "टीप मान्य झाली. भिंत नाही, गेट नाही. पूर्वेकडची एक पट्टी मात्र रस्त्याला जाईल." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जनाकाकू जाळात लाकूड सारत म्हणाल्या, "सुलभा असती तर पट्टी पन सोडली नसती." साहेब म्हणाले, "व्हय काकू."

मग सगळे मडक्याकडे बघायला लागले. पाणी शिंपडायला कुणी उठेना. शेवटी मी तांब्या घेतला, हात ओला करून झटकला, वहिनी न्यायच्या तसा कान जवळ नेला. पाणी मडक्यावर थरथरत राहिलं.

"अजून नाही," मी म्हटलं, आणि पोरं ओरडली.