कोठीची किल्ली सुरेखाच्या हातात

मैत्रिणींनो, आज आमच्या सुरेखानं पहिल्यांदा चुलीवर भाकरी केली!

लहानपणापासून माझ्या या लेकीला फिट यायच्या. गोळ्या बदलूनही थांबल्या न्हाईत, म्हणून तिला विस्तवाजवळ जाऊ देत नव्हतो. फिट आली की सासूबाई कमरेची कोठीची लोखंडी किल्ली तिच्या मुठीत कोंबायच्या. त्यानं काही होत न्हाई, हे डॉक्टरांनी सांगूनही.

मग तिला हैदराबादला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी दोन उपाय सांगितले. छातीत मेंदूकडच्या नसेला हलके झटके देणारं मशीन बसवलं तर खर्च कितीतरी जास्त आणि फिट बहुतेक नुसत्या कमी होणार. डोक्याच्या ऑपरेशनला खर्च कमी, फिट थांबायची आशा जास्त, पण जोखीम मोठी. मी पडले काटकसरी. स्वस्त म्हणून तर लेकीचं डोकं उघडायला तयार झाले न्हाई ना, असं वाटून झोप उडाली. शेवटी डॉक्टरांना विचारलंच.

"अक्का, तिच्या तपासण्या बघता मशीन फुकट मिळालं असतं तरी मी ऑपरेशनच सांगितलं असतं."

ऑपरेशन केलं, आणि खंडोबाच्या कृपेनं त्यानंतर वर्षभरात एकही फिट न्हाई.

आजची भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, ऑपरेशन डोक्याचं झालं का हाताचं?"

"आज्जी, दुसरी करते. पीठ संपलंय, ज्वारी काढून दे."

सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात ठेवली. "घे. आता कोठी तूच उघडत जा."

तुम्हाला घरची किल्ली पहिल्यांदा कुणी दिली होती, सांगा ना!